अरणचा डावा हात

मंजुश्री रडत होती म्हणून उत्तमराव तिच्या टेबलापाशी थांबले. एरवी जिनिंगच्या ऑफिसात कुणाच्या टेबलापाशी थांबायची त्यांना सवय नव्हती. जेवणाची सुटी झाली होती. बाहेर आवारात कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, यंत्रं बंद पडल्यामुळे कानांत एकदम पोकळी झाली होती, आणि चार महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर लागलेली ही मुलगी डबा न उघडता मोबाईलकडे बघत ओढणीनं नाक पुसत होती. "काय झालं बाई? घरी ठीक आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. ती दचकली आणि ओशाळून हसली. "काही नाही काका, गोष्ट वाचून राह्यली. मंगळवारी न् शुक्रवारी नवा भाग येते." गोष्ट वाचून कोणी रडते काय, असं ते म्हणाले आणि पुढं निघाले, तर ती म्हणाली, "एवढंच ऐका न काका, दोन ओळी," आणि तिनं वाचलं: "काजळगडाच्या मागच्या ओसरीवर सकाळी उन्हाची साय धरायची. वन्या ती मोडायची नाही. पाय पोटाशी घेऊन तिच्या कडेला बसून राहायची, आणि अरण आपला भाजलेला डावा हात तिच्यात हलकेच बुडवायचा." मंजुश्रीनं वर पाहिलं. उत्तमराव टेबलाची कड धरून उभे होते.

उन्हाची साय. हे दोन शब्द एकत्र त्यांनी आयुष्यात एकाच तोंडून ऐकले होते. थंडीत त्यांच्या घराच्या मागच्या पायरीवर आठच्या सुमाराला पिवळट ऊन यायचं, पातळ, वाऱ्यानं हलल्यासारखं, आणि जयमाला म्हणायची, जरा थांबा, उन्हाची साय धरू द्या, मग जा आंघोळीला. लग्न झालं त्या वर्षी ते हसले होते. ऊन म्हणजे काय दूध आहे? तीही हसली होती. पुढं ती म्हणत राहिली आणि ते हसायचे थांबले, नंतर ऐकायचेही थांबले असावेत, कारण ती हल्ली म्हणते की नाही हे त्यांना आठवेना. "कोण लिहिते हे?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्यांना बरं वाटलं. "नळगंगा नावानं लिहितात. खरं नाव कोणालेच माहीत नाही. नदीचं नाव घेतलं म्हणजे आपल्या इकडलीच असन कोणी. साठ हजार लोक वाचतात काका." मग तिनं न विचारताच अरण कोण ते सांगितलं. तो जादूगार आहे, फाटलेल्या सावल्या माणसांना परत शिवून देतो. वन्या राजकन्या आहे. दोघांचं जमणार की नाही, यावर रोज भांडणं चालतात.

मलकापूरच्या बाजारात उत्तमरावांच्या हाताला मान होता. कापसाचा पुंजका चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणला की धाग्याची लांबी किती, ओल किती, वरच्या चांगल्या थराखाली भिजलेला माल दडवलाय का, ते बोलून दाखवत. यंत्र नंतर तेच सांगे. शेतकरी भाव ऐकण्याआधी त्यांच्या अंगठ्यांकडे बघत. त्या दुपारी उंद्रीकडची एक गाडी आली तेव्हा त्यांनी पुंजका ताणला, तो तुटला, पुन्हा ताणला आणि त्यांना काहीच कळलं नाही. कापूस नुसता कापूस होता, पांढरा आणि मुका. गाडीवाला वाट बघत होता. "साहेब, काय झालं? ओला हाय काय?" उत्तमराव म्हणाले, नाही, चांगला आहे. तो चांगला होता की नव्हता, हे त्यांना सांगता आलं नसतं. जयमालेचे शब्द कुणी चोरले असतील, तिनं मैत्रिणीला सांगितले असतील, तिच्या माहेरीही कुणी म्हणत असेल, असं सगळं ते स्वतःला समजावत राहिले. पण ओसरीच्या त्या ओळींपुढं मंजुश्रीनं नंतर आणखी एक वाक्य वाचलं होतं की तिसरी पायरी बसकी होती आणि तिच्यावर पाणी साचायचं. त्यांच्या घराची तिसरी पायरी सात वर्षांपासून बसकी होती. दुरुस्त करतो, करतो म्हणत ती तशीच राहिली होती.

घरी जयमाला सुपात तूर पाखडत बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला, केसांत पांढरं किती आलं होतं. मोबाईल तिच्या मांडीजवळ पालथा ठेवलेला होता आणि उत्तमराव त्याच्याकडे बघायला नको म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "काय पाहून राह्यले?" तिनं विचारलं. "काही नाही." "चहा ठेवू?" "ठेव." पस्तीस वर्षं दोघांचं बोलणं असंच चालत आलं होतं, भांडण नाही, तंटा नाही, आणि लोक म्हणत जोडा चांगला आहे. ते चहा पीत होते आणि समोरच्या बाईच्या डोक्यात एक किल्ला होता, त्यात ओसऱ्या होत्या, पहारे होते, एक माणूस होता ज्याचा डावा हात भाजलेला होता. तिनं कपबशी उचलली, विसळली, ओट्यावर पालथी घातली. त्या सगळ्या वेळात ती कुठं होती? इथं होती का? त्यांना एकदम असं वाटलं की स्वयंपाकघरात आपण एकटेच आहोत.

मंजुश्री वाचायची ते गोष्टींचं ॲप त्यांनी मोबाईलवर घेतलं आणि वाचायला लागले. घरी नव्हे, जिनिंगच्या मागच्या बाजूला, कापूस दाबून बांधलेल्या गठाणींच्या दोन रांगांमध्ये एक बोळ होता तिथं, जेवणाच्या सुटीत, सरकीचा वास घेत. अठ्ठावन्न भाग होते. पहिले काही वाचताना त्यांना लाज वाटली, जसं कुणाच्या अंघोळीच्या मोरीत डोकावतोय. आकाशातून उडणारे घोडे होते, बोलणारी विहीर होती. असल्या गोष्टींना ते आयुष्यभर पोरखेळ म्हणत आले होते. पण चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण वाचत नाही, आपण शोधतोय. आधी त्यांनी स्वतःला राक्षसात शोधलं. काजळगडावर कोलासुर नावाचा एक राक्षस होता, माणसांची झोप खाणारा. आपल्या घोरण्यावर जयमाला बोलायची, म्हणून हा आपणच, असं त्यांनी ठरवलं. पण कोलासुर विनोदी होता, गाणी म्हणायचा, शेवटी लहान मुलांनी त्याला पाळला. तो ते नव्हते. मग त्यांनी म्हाताऱ्या राजात शोधलं, मग वन्येला मागणी घालायला आलेल्या तीन राजपुत्रांत, मग सेनापतीत. सेनापती कमी बोलायचा. पण त्याला मिशा होत्या आणि तो नवव्या भागात मेला. एकविसाव्या भागात दाराशी उभा असलेला एक मुका पहारेकरी आला तेव्हा हाच आपण, असं त्यांना वाटलं, पण तो पुढच्या पानावर बोलू लागला. ज्याच्यावर राग धरावा असा कुणी सापडेना. दुष्टाच्या ठिकाणी आपण असू याची त्यांनी तयारी केली होती, त्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं. अठ्ठावन्न भागांत आपण कुठंच नसू, एवढ्याची तयारी त्यांनी केली नव्हती.

अरण मात्र सगळीकडे होता. तो सुई दातांत धरून बोलायचा. हसताना आधी त्याचे खांदे हसायचे, मग तोंड. वन्या एखादी गोष्ट अर्धी सांगून थांबली की 'मग?' असं म्हणून तो हातातलं काम खाली ठेवायचा. हे सगळं लिहिणाऱ्या बाईनं कुणालातरी फार जवळून, फार दिवस पाहिलं होतं. मनानं रचलेला माणूस असा नसतो, हे उत्तमरावांना कळत होतं. माल बनावट आहे की शेतातला आहे हे कळण्यातच त्यांचा जन्म गेला होता. आणि एकदा सुई हा शब्द डोक्यात शिरल्यावर बाकी सगळं आपोआप एकापुढं एक येऊन उभं राहिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी जयमाला दुपारी रज्जाक टेलरच्या दुकानी जायची. किती वर्षांपासून? मुलगा शिवम नाशिकला नोकरीला गेला तेव्हापासून, म्हणजे सहा-सात वर्षं. ब्लाऊज शिवायला, साडीला फॉल लावायला, उशीचे अभ्रे, कधी नुसतीच काज-बटणं. चोपन्न वर्षांच्या बाईला आठवड्यातून दोनदा टेलरकडे काय काम असतं, हा प्रश्न त्यांना सहा वर्षांत पडला नव्हता. भाग यायचे मंगळवारी आणि शुक्रवारी. संध्याकाळी सहाला.

बत्तिसाव्या भागापाशी ते फार वेळ थांबले. त्यात असं होतं की वन्येला एक शाप आहे: मनात नसताना ती 'हो' म्हणाली की तिची सावली वीतभर कमी होते. दरबारात तिनं इतक्यांदा हो म्हटलेलं असतं की भर दुपारी ती अंगणात उभी राहते आणि पायाशी काहीच नसतं. शेकडो लोकांनी त्याच्याखाली रडके चेहरे टाकले होते. उत्तमरावांना दिवाळीतली एक संध्याकाळ आठवली. ते म्हणाले होते, या हंगामानंतर नोकरी सोडतो, नाशिकले शिवमजवळ फ्लॅट घेतला आहे, हे घर काढून टाकू, अक्षय्य तृतीयेला तिकडंच जाऊ. जयमाला चकल्या डब्यात भरत होती. ती 'हाव' म्हणाली होती. त्यांना तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं, किती समजूतदार बाई. आता गठाणींच्या बोळात बसून त्यांनी तो 'हाव' पुन्हा पुन्हा ऐकला आणि तो वेगवेगळा ऐकू यायला लागला. कधी कंटाळलेला, कधी घाबरलेला. आणि एकदा, सगळ्यात वाईट, अगदी मोकळा, जसं काही तिला ते सगळं लागूच होत नव्हतं. जावं लागणार म्हणून ती गोष्ट संपवत आणत होती हे उघड होतं. मागच्या शुक्रवारी खाली लिहिलं होतं, आता थोडेच भाग राहिले. लोक गयावया करत होते. कुणी म्हणत होतं वन्येचं लग्न अरणशीच लावा, कुणी म्हणत होतं अरण राजपुत्र निघू द्या. आणि मलकापुरात एक माणूस होता ज्याला ही गोष्ट संपते आहे याचं दुःख होत होतं, तो माणूस सुई दातांत धरून बोलत होता, आणि उत्तमरावांनी त्याच्याशी ईदेला हस्तांदोलन केलं होतं.

बुधवारी त्यांनी अर्धी सुटी घेतली. शर्टाचं कापड घेतलं, राखाडी रंगाचं, घाईत कोणतं तेही न बघता, आणि रज्जाकच्या दुकानात गेले. जयमालेचा तो वार नव्हता. दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग होता, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा, पडद्याआड शिलाई मशीनचा आवाज. रज्जाक साठीचा, बारीक, स्वच्छ दाढी, गळ्यात टेप. "या या भाऊसाहेब! खुद आले आज? वहिनी कपडा आणून देतात नेहमी." तो उठला आणि त्यानं टेप ताणला. उत्तमराव उभे राहिले. खांदा मोजला, बाही मोजली. रज्जाक पुटपुटत आकडे सांगायचा आणि स्वतःच वहीत लिहायचा. गळ्याचं माप घ्यायला त्यानं टेप मानेमागून आणला तेव्हा त्याचे दोन्ही हात उत्तमरावांच्या हनुवटीखाली आले. डाव्या हाताची मूठ वळलेली होती. हा हात उघडेल तेव्हा आपण काय करू? मारू? मारता येईल आपल्याला? त्यांनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. ते विचारतील, किती वर्षं चाललंय. नाही, ते काही विचारणार नाहीत, नुसतं कापड उचलून निघून जातील आणि त्याला कळेल. रज्जाकनं टेप सोडला, हात झटकला आणि खडू घ्यायला डावा तळहात उघडून पुढं केला. तळहात स्वच्छ होता. गुलाबी, म्हातारा, खडूची पांढरी रेघ सोडली तर एक डागही नाही. सुई त्याच्या दातांत नव्हती, समोरचे दोन दातच नव्हते.

उत्तमरावांना मोठ्यानं हसू येणार होतं. ते बाकड्यावर बसले. अंगातून काहीतरी उतरून गेलं, ताप उतरतो तसं, आणि त्यांना पहिल्यांदा दुकान दिसलं: हँगरला लावलेले शाळेचे गणवेश, चिंध्यांची गोणी. कुणी नव्हतं. तिनं मनानंच रचलं होतं सगळं, आपण उगाच बारा दिवस मेलो. "पाणी पाजा भाऊसाहेबांना," रज्जाक पडद्याकडे बघून म्हणाला, "गरमी फार झाली," आणि गणवेशांचा गठ्ठा घेऊन समोरच्या शाळेत देऊन येतो म्हणून निघून गेला. पडद्याआडचं मशीन थांबलं. रज्जाकची बायको खुर्शीदा बाहेर आली. तिला त्यांनी कितीदा पाहिलं असेल आणि कधीच पाहिलं नव्हतं. उंच, हाडकुळी, पन्नाशीची बाई, ओढणी कानामागं खोचलेली. तिच्या ओठांत सुई होती. ती सुई तिनं ओढणीच्या काठात टोचली आणि पाण्याचा पेला पुढं केला. डाव्या हातानं. पेला घेताना उत्तमरावांना तिचा तळहात दिसला. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत कातडी एकजीव झालेली होती, गुळगुळीत, चकचकीत, रेषा पुसलेली.

"हे काय झालं हाताले?" त्यांच्या तोंडून गेलं.

"हे? जुनं आहे भाऊ. कोळशाची इस्त्री होती तेव्हा, निखारे सांडले." तिनं हात उलटसुलट करून पाहिला, जसं काही तोही तिला बऱ्याच दिवसांनी भेटत होता. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "म्हणजे तुमी वाचलं! तिनं सांगतलं तुमाले! मी कधीची म्हणते, सांग घरी, सांग घरी. तर म्हणे, नको, ते हसतीन."

"हाव," उत्तमराव म्हणाले. "वाचलं."

ती समोरच्या स्टुलावर बसली. आधी तिचे खांदे हसले, मग तोंड. गोष्ट कशी सुरू झाली ते ती सांगायला लागली आणि थांबेना. लहानपणी तिच्या मामूंकडून ऐकलेले किस्से होते. काजं करता करता ती ते जयमालेला सांगायची, एकदा किस्सा संपला, तर जयमाला म्हणाली पुढं सांग, ती म्हणाली पुढं नाही, संपला, तर जयमालेनं स्वतःच पुढचं सांगितलं. मग एक हिनं, एक तिनं. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली ती, मराठी लिहिणं जमत नव्हतं. लिहायचं काम जयमालेचं. विहीर तिची होती, घोडे जयमालेचे. कोलासुर दोघींचा. नळगंगा म्हणजे दोघी. "लोक लिहितेत, नळगंगाताई, तुमचं लग्न झालं काय!" ती हसली. "न् हा हात तिनं दिला अरणले. मी म्हटलं, अवं, बाईचा हात मर्दाले काऊन देतं? तर म्हणे, एवढा चांगला हात मी मर्दाचा पाह्यलाच नाही." बोलता बोलता खुर्शीदाला आपण काय बोललो ते ऐकू आलं. ओढणीच्या काठातली सुई तिनं काढली आणि पुन्हा तिथंच टोचली. उत्तमराव आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला होता.

"गोष्टीचं असते भाऊ," ती हळू म्हणाली. "काही बी लिहितो आम्ही."

ते उठले. शर्ट कधी मिळेल ते विचारलं, शनिवारी, बरं, आणि बाहेर पडले. रस्त्यावर भर दुपार होती, हायवेकडून ट्रकचे हॉर्न येत होते, एका टपरीवर कुणीतरी त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी तो घेतला. आपल्याला हलकं वाटायला हवं, असं ते स्वतःला सांगत होते. परका पुरुष नव्हता. बायकोची एक मैत्रीण होती, दोघी मिळून गोष्ट लिहीत होत्या, यात काय आहे? जगात याहून निरुपद्रवी काही असेल का? पण पुलावर आल्यावर त्यांना चालवेना. पुरुष असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला हरवता आलं असतं, जयमालेला माफ करता आलं असतं. माफीची काही वाक्यं त्यांनी तयारही करून ठेवली होती, हे आता त्यांना कळलं. इथं कुणी काही केलंच नव्हतं. दोन बायका बसून बोलत होत्या, एकीनं 'मग?' म्हणून हातातलं काम खाली ठेवलं होतं, बस्. एवढंच होतं, आणि ते पस्तीस वर्षांत आपल्याला एकदाही सुचलं नव्हतं. खाली नदीच्या कोरड्या पात्रात कुणी वांगी लावली होती. एक बाई वाफ्याला पाणी देत होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले आणि पुलाच्या कठड्याला हात टेकून त्यांनी एक निर्णय घेतला. नाशिक रद्द. नोकरी चालू ठेवायची, घर ठेवायचं, इथंच राहायचं. तिला तिचा मंगळवार आणि शुक्रवार राहू द्यायचा. निर्णय होताच त्यांचा श्वास मोठा झाला. घरी गेल्यावर तिचा चेहरा कसा होईल ते त्यांना दिसायला लागलं: आधी विश्वास बसणार नाही, मग डोळे भरतील. कारण सांगायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. मोठ्या मनाच्या माणसानं कारण सांगू नये. उरलेला रस्ता ते जवळजवळ भरभर चालले.

जयमाला ओट्यापाशी मेथी निवडत होती. कढईत तेल तापत होतं. उत्तमरावांनी चप्पल काढली, हात धुतले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितलं. "नाशिकले नाही जायचं. म्या ठरवलं. अठीच राहू. घर विकायचं नाही."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "बरं," ती म्हणाली.

"तुले आनंद नाही झाला?"

"मी तशीबी जाणारच नव्हती." तिनं वळून पाहिलं. आवाज साधा होता, मीठ संपलंय असं सांगितल्यासारखा. "घर माझ्या नावावर आहे. सही मले करा लागली असती. मी करणार नव्हती. तुमी जाल तवा तुमचे डबे भरून द्यायचे, एवढं ठरवलं होतं."

घर तिच्या नावावर त्यांनीच केलं होतं, काहीतरी सूट मिळत होती म्हणून, आणि ते विसरूनही गेले होते. "पण तू तर हाव म्हटली होती दिवाळीत!"

"तुमी विचारलं कुठं होतं? सांगतलं होतं. सांगतल्यावर माणूस हाव म्हणते. ऐकू आलं, एवढंच."

उत्तमराव दाराच्या चौकटीला टेकले. हातात आणलेली मोठी वस्तू घरात आधीच असावी, आणि आपण ती दारातच घेऊन उभे राहावं, तसं त्यांना झालं. ती एकटी राहणार होती. तिचं ठरलं होतं, डब्यांसकट. गेल्या पाच महिन्यांत रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवणारी ही बाई त्यांना मनातल्या मनात गाडीत बसवून परत आली होती. त्यांना राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण तोंडातून भलतंच निघालं. "म्या वाचलं ते. नळगंगाचं. अठ्ठावन्न भाग."

मेथीची जुडी तिच्या हातात थांबली. तिचा चेहरा पांढरा पडलेला त्यांनी पाहिला, आणि त्यांना कळलं की ती त्यांच्या हसण्याची वाट बघते आहे. ते हसले नाहीत.

"त्यात मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

जयमालेनं जुडी ओट्यावर ठेवली. तेलातून धूर निघायला लागला होता. "चार वेळा लिहिलं तुमाले," ती म्हणाली. "एकदा लय वाईट झाले, एकदा लय चांगले. दोन्ही खोटं. मंग एकदा नुसती काठी टेकत येणारा म्हातारा केला, तर तो तुमी नव्हते, माझे बाबा होते. चौथ्या वक्ताले खुर्शीदा म्हणे, हा माणूस तुले दिसूनच नाही राह्यला, कायले लिहितं? तवा खोडून टाकलं."

चार वेळा. राक्षस म्हणून सापडलो असतो तर बरं होतं, असं उत्तमरावांना वाटलं. राक्षसाला निदान दात असतात. पस्तीस वर्षं या घरात वावरून आपण दिसलो नव्हतो. आणि तरीही कुणीतरी मोबाईल हातात घेऊन चार दुपारी आपल्यासाठी बसलं होतं, आठवायचा प्रयत्न करत, जमत नाही म्हणून पुन्हा. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या, हे त्यांना सोसवत नव्हतं. नाशिकचा फ्लॅट पुढं भाड्यानं गेला आणि शिवम दोन महिने फोनवर नीट बोलला नाही, पण त्या दुपारी असलं काही त्यांच्या मनातही नव्हतं. त्या दुपारी त्यांना एवढंच माहीत होतं की आता या घरात राहायचं तर विचारावं लागेल.

"मी राह्यलो अठी," ते म्हणाले, "तर चालन काय तुले?"

"काऊन?" जयमालेनं विचारलं.

त्यांना वाटलं होतं ती चालेल म्हणेल किंवा नाही म्हणेल. ते काहीतरी बोलू लागले, हंगाम, मालक सोडत नाही, नाशिकचं पाणी. ती ऐकत होती आणि मान हलवत नव्हती. ते थांबले. कढईतल्या तेलाचा वास घरभर झाला होता. कुठल्यातरी शेजारच्या घरात कुकरच्या शिट्या होत होत्या. पुन्हा बोलायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"मले भेव वाटते," ते म्हणाले.

जयमालेनं गॅस बंद केला. हात पदराला पुसले, भिंतीशी उभे केलेले दोन पाट ओढून घेतले, एक त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतः समोर बसली. "कायचं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात माया नव्हती, कीवही नव्हती. पुढं काय झालं ते खरंच माहीत नसलेल्या माणसाची नुसती उत्सुकता होती. उत्तमराव पाटावर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.